सासूबाईंचा उजवा डोळा

माझा साडू माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान, चार बोटं उंच आणि दसपट लाडका आहे. मी त्याच्याविषयी लिहायला बसलोय म्हणजे माझं मन मोठं झालं, असा कोणी गैरसमज करून घेऊ नये. मला त्याचा हेवा वाटतो. बारा वर्षं वाटतोय. लोकांनी नीट पाहावं म्हणून भिंगं कातणाऱ्या माणसाने स्वतःबद्दल एवढं तरी सरळ सांगायला हरकत नाही.

गंमत म्हणजे त्याला कारखान्यात मीच लावलं. माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं तेव्हा हा एका पंपाच्या कारखान्यात साध्या लेथवर होता. बायको म्हणाली, ‘घरचा माणूस आहे, तुमच्या बाईंकडे एक शब्द टाका.’ मी टाकला. बाई म्हणजे आमच्या मालकीणबाई. त्यांनी त्याची दोन कामं पाहिली आणि तिसऱ्या दिवशी ठेवून घेतलं. आपल्याच पायावर धोंडा मारून घेणं म्हणतात ते असं. आणि धोंडा उचलून देणारी माणसं नेहमी घरचीच असतात.

आमचं काम तसं कोणाला सांगून पटत नाही. कोटाच्या बटणाएवढी कडक प्लॅस्टिकची चकती असते. ती लेथवर गरगर फिरते आणि हिऱ्याची बारीक कणी तिला कातत जाते. त्यातून डोळ्यात बसवायचं भिंग निघतं. चष्मा ज्यांना पुरत नाही अशा लोकांसाठी, एकेका डोळ्याच्या मापाचं. आमची खोली काचेच्या दाराआड असते, चपला बाहेर काढायच्या, थंडावा बारा महिने तोच ठेवायचा आणि दार आपटायचं नाही. दार आपटलं तर त्याचा धक्का भिंगावर उमटतो आणि बाईंच्या तोंडून तो आपल्यावर उमटतो.

डोळा जर चेंडूसारखा गोल असता तर आमची गरजच नव्हती. पण तो एका बाजूला फुगीर, दुसऱ्या बाजूला बसका असतो. म्हणून चकतीच्या प्रत्येक फेऱ्यात हिऱ्याला आत-बाहेर, आत-बाहेर करावं लागतं. असे हजारभर फेरे, काठापासून मध्यापर्यंत, एकातून एक गुंडाळत जाणारे. कोणत्या क्षणी हिरा कुठे असायचा, हे आधी ठरवावं लागतं. त्याला आम्ही वाट आखणं म्हणतो. यंत्र काय, सांगाल त्या वाटेने जातं. वाट चुकली तर दोष आखणाऱ्याचा. कारखान्यात आखणारे दोघेच, मी आणि तो.

मी चौदा वर्षं एकाच पद्धतीने आखत होतो. प्रत्येक फेऱ्याचे सारखे तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकड्यावर हिऱ्याची जागा ठरवायची. यात मध्यावर जागा दाटीवाटीने पडतात आणि काठाला विरळ. काठाकडे यंत्र किंचित अडखळतं, तिथे हाताने सुधारत बसायचं. हा आला आणि पहिल्याच महिन्यात म्हणाला, ‘दादा, काठाकडे अंतर मोजून जागा ठरवल्या आणि मध्याजवळ आल्यावर तुमच्यासारखे तुकडे पाडले तर?’ करून पाहिलं. यंत्राचा आवाज एकसारखा झाला. तो आवाज मला अजून ऐकू येतो. इतकी साधी गोष्ट चौदा वर्षांत माझ्या डोक्यात आली नाही, हे त्याने कधी बोलून दाखवलं नाही. त्याने बोलून दाखवलं असतं तर मला त्याच्याशी भांडता तरी आलं असतं.

त्याच्या भिंगांवर पुसायला रेघ नसते. म्हणून कारखान्यात त्याचं नाव पडलं ‘आरसा’. माझं नाव आधीपासून ‘गोगलगाय’ होतं, कारण मी एकेक जागा तपासत जातो. एकाच खोलीत आरसा आणि गोगलगाय. येणारा-जाणारा हसायचा, आणि आरसा त्यांना सांगायचा, ‘दादांच्या हाताखाली शिकलोय हं मी.’ माणसाने इतकं चांगलं असू नये. शेजारच्याला त्रास होतो.

घरीही तीच कथा. सासूबाई एकट्या राहतात, दुसऱ्या मजल्यावर, बावीस पायऱ्या चढून. आयुष्यभर शाळेत भूमिती शिकवली. अजून कोणी ‘जवळपास तेवढंच’ म्हणालं तर विचारतात, ‘जवळ की पास?’ मी गेलो की चहा मिळतो. आरसा गेला की चहा मिळतो आणि शेजारच्या काकूंना हाक मारून बोलावलं जातं. मी मोजत नाही, पण लक्षात राहतं.

सासूबाईंची बुबुळं शंकूसारखी पुढे येत चालली होती. दोन वर्षांत चष्मे बदलून बदलून डबा भरला. एका पायरीच्या जागी त्यांना दोन दिसायच्या, त्यातली खरी कोणती ते पायाने चाचपून ठरवावं लागायचं. मग त्या कठडा धरून उलट्या, पाठमोऱ्या उतरायला लागल्या. मग एकदा घसरल्या आणि उतरणंच सोडलं. दोन्ही बहिणींनी बसून ठरवलं की आता आईला एकटं ठेवायचं नाही, कोणाकडे तरी न्यायचं. कोणाकडे ते सांगायला ज्योतिषी नको होता.

‘मला कोणाकडेच जायचं नाही,’ सासूबाई म्हणाल्या. ‘मला माझ्या घरात राहायचंय. पायऱ्या तेवढ्या एकेक दिसू देत.’

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी एक शेवटचा उपाय सांगितला. बुबुळाला न टेकणारं, डोळ्याच्या पांढऱ्या भागावर बसणारं मोठं कडक भिंग. त्यांनी दोन्ही डोळ्यांचा नकाशा काढून दिला. डावा डोळा त्यातल्या त्यात गुणी. उजव्याच्या पांढऱ्या भागावर, नाकाच्या बाजूला, मोहरीएवढी गाठ होती. तिच्यावर भिंग टेकून चालणार नव्हतं, म्हणजे भिंगाच्या आतल्या बाजूला बरोबर त्या जागी एक इवलासा खळगा कातायला हवा होता. जमलं तर सासूबाई आपल्या घरात राहणार. नाही जमलं तर सामान बांधायचं.

बाईंनी काम वाटलं. डावा डोळा आरशाला, उजवा गोगलगाईला.

मला लगेच कळलं, म्हणजे तेव्हा वाटलं की कळलं. सोपा डोळा त्याने मागून घेतला असणार. दोन दिवसांत संपवणार, सासूबाईंना फोन करणार, आणि मी खळग्यात तोंड घालून बसलेला असणार. झालंही तसंच. दुसऱ्या दिवशी त्याचं भिंग तयार. बाईंनी ते दिव्यासमोर धरलं आणि काही न बोलता नुसतं फिरवून फिरवून पाहत राहिल्या. बाईंकडून याहून मोठी शाबासकी नसते. संध्याकाळी सासूबाईंचा मला फोन: ‘धाकट्यांचं झालंसुद्धा म्हणे.’ त्यांनी सहज म्हटलं असेल. मला जेवण गेलं नाही.

माझ्या पद्धतीने तो खळगा आखायला आठ दिवस लागले असते. माझ्यात आठ दिवसांचा धीर होता, पण आठ दिवस त्याच्यामागे राहण्याचा नव्हता. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर गेले. आमचा संगणक एकच. मी त्याचा आखणीचा तक्ता उघडला. त्याच्या डाव्या डोळ्याचे आकडे पुसून माझ्या उजव्याचे भरले. गोगलगाय आणि पोटात पाय, म्हणतात ते खोटं नाही. दहा मिनिटांत वाट तयार झाली. चौदा अधिक बारा वर्षं मी जे करत होतो, ते दहा मिनिटांत.

आता माझी चूक सांगतो. हिऱ्याचं टोक अणकुचीदार नसतं, गोल असतं. त्याला आम्ही नाक म्हणतो. माझा हिरा जुना, बारीक नाकाचा. त्याच्या हिऱ्याचं नाक माझ्या तिप्पट मोठं. त्याने बाईंकडून खास मागवून घेतलेला. मोठं नाक मागे रेघा कमी सोडतं. त्याच्या आरशातलं अर्धं गुपित हे होतं. मी इतका कच्चा नाही, तक्त्यातला नाकाचा आकडा मी आठवणीने बदलला. पण त्याने तो आकडा दोन ठिकाणी वापरला होता. मागच्या पानावर एक हिशोब होता: जिथे नाक मावणार नाही तिथे खळगा भरून घ्या, म्हणजे हिरा वरून अलगद निघून जाईल. ते पान मी उघडलंच नाही. दुसऱ्याच्या घरात चोरून शिरलेला माणूस माजघरापर्यंत जात नाही, हाताला लागेल ते उचलून पळतो.

भिंग निघालं. त्यावर दिव्यात इंद्रधनुषी रेघा दिसत होत्या, कारण फेऱ्यांमधलं अंतर त्याच्या मोठ्या नाकाच्या मापाचं तसंच राहिलं होतं आणि कातणारं नाक बारीक. मी मऊ फडक्याने घासून रेघा घालवल्या. मोजणीच्या यंत्रावर मधला भाग मोजला. तो उत्तम होता. खळगा मोजायला अर्धा दिवस लागतो. तो मी मोजला नाही. बाईंनी विचारलं, ‘मोजलं?’ मी म्हटलं, ‘मोजलं.’

डॉक्टरीणबाईंनी दोन्ही भिंगं बसवली. सासूबाईंनी समोरचा तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचला आणि छापणाऱ्याची एक चूकही काढली. मग जिन्यापाशी जाऊन कठडा न धरता खाली पाहिलं. माझ्या बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. मला मात्र एकच गोष्ट हवी होती.

‘आई, कोणत्या डोळ्याने जास्त छान दिसतं?’

बायकोने माझ्याकडे असं पाहिलं की मी जमिनीत जावं. सासूबाईंनी एक डोळा झाकला, मग दुसरा.

‘दोन्ही सारखे,’ त्या म्हणाल्या.

सारखे! त्याचा तक्ता चोरूनसुद्धा नुसते सारखेच. घरी येईपर्यंत मी तेवढंच घोळवत होतो.

पाचव्या दिवशी कामावरून येताना मी न कळवता त्यांच्याकडे गेलो. दार उघडायला वेळ लागला. सासूबाईंचा उजवा डोळा लाल होता. ‘कांदा चिरत होते,’ म्हणाल्या. मी हात धुवायला आत गेलो तर फळीवर भिंगांची डबी उघडी. डावा कप्पा रिकामा. उजव्यात माझं भिंग, पाण्यात पडलेलं.

म्हणजे सासूबाई धाकट्याचंच भिंग घालतात. माझं ठेवलंय डबीत, पाहुण्यांच्या कपबशांसारखं. कान तापले माझे. चहा अर्धा टाकून निघालो. त्या लाल डोळ्याचं माझ्या मनात काही आलंच नाही. लोकांच्या डोळ्यातलं कुसळ पाहणाऱ्याला आपल्यातलं मुसळ दिसत नाही असं म्हणतात. मला तर समोरच्या डोळ्यातलं मुसळसुद्धा दिसलं नाही, आणि ते माझ्याच हाताने कातलेलं होतं.

घरी बायकोला म्हणालो, ‘तुझ्या आईला धाकट्याचंच भिंग गोड लागतं. माझं डबीत पडलंय.’

ती भाजी निवडत होती. हातातलं काम तिने बाजूला ठेवलं.

‘तुम्ही न सांगता गेलात ना आज?’

‘मग?’

‘म्हणून डबीत दिसलं. तुम्ही येणार असं कळलं की आई ते घालते. तुम्ही गेलात की काढते आणि तासभर डोळ्यावर ओला रुमाल धरून बसते. टोचतं तिला, नाकाच्या बाजूला. मला शपथ घातली होती, त्यांना सांगू नकोस म्हणून.’

नाकाच्या बाजूला, म्हणजे बरोबर त्या गाठीवर.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोने आईला डॉक्टरीणबाईंकडे नेलं आणि मी ते भिंग घेऊन कारखान्यात गेलो. मोजणीच्या यंत्रावर ठेवलं आणि या वेळी खळगा मोजला. पडद्यावर हळूहळू आकार उमटत गेला. खळगा हवा त्याच्या निम्माही खोल नव्हता. वरून अलगद भरून घेतलेला, गुळगुळीत, सुबक. अशी सुबक चूक माझ्या हातून कधी होत नाही. माझ्या चुका ओबडधोबड असतात.

मागे कोणीतरी उभं होतं. आरसा. तो पडद्याकडे पाहत होता. आईला आपल्या मुलाचं अक्षर ओळखू येतं, तसं आम्हाला आपापल्या वाटेचं वळण ओळखू येतं.

‘दादा,’ तो म्हणाला, ‘हा तक्ता माझाय.’

‘हो.’

मी वाट पाहत होतो. आता ओरडेल, बाईंना सांगेल, बारा वर्षांत एकदा तरी वाईट वागेल. मला त्याची फार गरज होती.

‘पण तो या डोळ्याला चालतच नाही,’ तो म्हणाला. ‘म्हणून तर मी बाईंना सांगितलं होतं, उजवा दादांना द्या. माझ्या हिऱ्याचं नाक त्या खळग्यात मावत नाही. आणि बारीक हिरा घेऊन आठ दिवस एकेक जागा तपासत बसायचं, ते मला नाही हो जमत. मी करून पाहिलंय. दुसऱ्या दिवशी चिडचिड होते. तुमच्यासारखं बसता येत नाही याचं मला...’ तो थांबला. ‘जाऊ दे. तुम्ही माझा तक्ता घ्यायचं कारणच काय होतं?’

कारण मी त्याला सांगितलं. सरळ सांगितलं, हेवा हाच शब्द वापरून. तो इतका आश्चर्याने बघत राहिला की मला आणखीच राग आला. बारा वर्षं मी जळत होतो आणि याला धूरसुद्धा दिसला नव्हता.

बाईंकडे मी स्वतः गेलो. मोजलं नव्हतं, हे सांगितलं. बाई जे बोलल्या ते इथे लिहीत नाही. लायकीपेक्षा कमीच होतं. शेवटी म्हणाल्या, ‘चकती घ्या नवीन. आणि या वेळी गोगलगायच राहा.’

मी पुन्हा बसलो. परत येऊन पहिल्यांदा आरशाला म्हटलं, ‘काठाकडे अंतर मोजून जागा ठरवायची तुझी रीत वापरू का?’

‘विचारताय कशाला? बारा वर्षं वापरताय की.’

‘मागच्या वेळी विचारलं नव्हतं, म्हणून.’

काठ त्याच्या रीतीने आखला आणि खळगा माझ्या. खळग्यापाशी हिऱ्याला एका फेऱ्यात एकदाच, पण एकदम खोल जायचं होतं आणि काठाला न खरवडता वर यायचं होतं. एकेक जागा घ्यायची, नाक मावतं का पाहायचं, पुढे जायचं. सहाव्या दिवशी आरसा दोनदा मागे येऊन उभा राहिला आणि दोन्ही वेळा उसासा टाकून गेला. त्या उसाशांनी मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. नवव्या दिवशी भिंग कातलं. ते त्याच्याइतकं चकचकीत नव्हतं. दिव्यात नीट पाहिलं तर अगदी पुसट रेघ दिसते. खळगा मोजायला अर्धा दिवस लागला. बरोबर होता.

डॉक्टरीणबाईंनी डोळा बरा होईपर्यंत आणखी आठवडा थांबवलं. मग भिंग बसवलं, दिवसभर ठेवलं, संध्याकाळी पुन्हा तपासलं. आणि चार दिवसांनी मी सासूबाईंकडे गेलो. या वेळीही न कळवता. दार लगेच उघडलं. दोन्ही भिंगं डोळ्यांत होती.

त्या चहा ठेवत होत्या, तेव्हा त्यांच्या पाठीकडे पाहतच बोललो. तोंडावर बोलायचा धीर नव्हता. पहिलं भिंग कसं केलं होतं, ते सगळं सांगितलं. मग विचारलं, ‘आई, टोचत होतं तर मला म्हणाला का नाहीत?’

त्यांनी गॅस बारीक केला.

‘म्हटलं असतं, तर सगळ्यांनी मिळून उजवंही धाकट्यांकडून करून घेतलं असतं. मग तुम्ही या घराची पायरी चढला असता का पुन्हा?’ त्या वळल्या. ‘भूमिती शिकवलीय मी. एक बाजू गेली की त्रिकोण राहत नाही. त्यापेक्षा डोळा टोचलेला परवडला.’

मी कपबशा काढल्या. चहा झाला. शेजारच्या काकूंना कोणी बोलावलं नाही, आणि मला पहिल्यांदा ते बरं वाटलं.

चहा झाल्यावर त्यांनी चपला घातल्या. खाली आरसा त्याच्या बायकोला घेऊन येत होता, सगळ्यांनी मिळून फिरायला जायचं होतं. मी एक पायरी पुढे उतरत होतो, पडल्याच तर म्हणून. त्या कठड्याला हात न लावता, तोंडाने मोजत उतरल्या. बावीसवर थांबल्या. तेविसावी आली नाही.

‘कसं वाटतंय, आई?’ आरशाने विचारलं.

त्यांनी एक डोळा झाकला, मग दुसरा. मुद्दाम, माझ्याकडे बघत.

‘दोन्ही सारखे.’

तो हसला. मीही हसलो. खरं म्हणजे मला अजूनही वाटत होतं, की उजवा थोडा जास्त स्पष्ट म्हणायला काय हरकत होती. पण मी तो डोळा पाहून घेतला, नाकाच्या बाजूने, अगदी जवळून. तिथे एकसुद्धा लाल रेघ नव्हती.